सॉकेट तर जुळत होतं

"हे काम झाल्यावर बदलू ना," वहिनी म्हणाली. "संध्याकाळी शाळेच्या बिल्ल्याचं डिझाइन द्यायचंय. नवं गिऱ्हाईक आहे गं."

वहिनी भरतकामाच्या मशीनसाठी संगणकावर डिझाइनं करायची. त्याचं सॉफ्टवेअर घरातल्या या एकाच जुन्या संगणकावर होतं आणि तो हल्ली प्रत्येक टाक्याला अडायचा.

"अर्ध्या तासात होतं," धाकटी नणंद म्हणाली. नवा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, तिनेच निवडून आणला होता.

"बसेल ना नक्की?"

"दोघांचं सॉकेट, म्हणजे बसायची खाच, एकच आहे. हे विज्ञान आहे वहिनी, अंदाजपंचे नाही."

"पदवी मिळाल्यापासून हिला सगळं हातचा मळ वाटतं," दादा खुर्चीतून म्हणाला.

तिने संगणकाची पेटी उघडली, प्रोसेसरवरचा पंखा धरून ओढला. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून घट्ट झाली होती. पंख्याबरोबर जुना प्रोसेसरही उपटून आला आणि टेबलावर आपटला. कोपऱ्यातल्या पिना आडव्या झाल्या, एक तुटली.

"काय पडलं गं? सगळं ठीक ना?" आतून वहिनीने विचारलं.

"हो, हो."

तिने तो नव्याच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि झाकण लावलं. नवा चालू झाल्यावर जुन्याची चौकशी कोण करणार?

नवा सॉकेटमध्ये अलगद बसला. तिने वर नवी पेस्ट लावून पंखा बसवला आणि बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. तिने रॅम काढून परत लावली, वायरी तपासल्या. मग फोनवर मदरबोर्डच्या, म्हणजे प्रोसेसर ज्यावर बसतो त्या मुख्य बोर्डाच्या, कंपनीचं पान उघडलं. चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत त्यांचा नवा होता. मात्र शेजारच्या रकान्यात बायोसची, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, किमान आवृत्ती दिली होती, आणि त्यांच्या बोर्डावरची तिच्याहून बरीच जुनी होती. आधी जुन्या प्रोसेसरवर बोर्ड चालू करून बायोस अपडेट करायचं, मग नवा लावायचा. एवढं पान वाचलं असतं तर! तिने फक्त सॉकेटचं नाव ताडून पाहिलं होतं.

"काय म्हणतोय?" वहिनी हात पुसत आली.

"बोर्ड याला ओळखत नाहीये. आधी बोर्डाचं एक अपडेट करायला हवं होतं."

"एवढंच ना? मग जुना लाव परत." वहिनीचा चेहरा मोकळा झाला. "रडतखडत का होईना, आजचं काम होऊन जाईल."

नणंदेने डबी पुढे केली. वहिनीने झाकण उघडलं.

"हा कधी मोडला?"

"काढतानाच."

"मी विचारलं तेव्हा?"

तिने होकारार्थी मान हलवली. दादा काहीतरी बोलेल याची ती वाट पाहत होती. एखादा टोमणासुद्धा चालला असता. पण तो उठून बाहेर गेला.

वहिनीने गिऱ्हाइकाचा नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. "मी काय सांगू? मला तर काय बिघडलंय तेही समजत नाही. तूच सांग."

"नमस्कार, त्याचं काय झालं, बोर्डाची आवृत्ती..."

"ताई, डिझाइन मिळणार का आज?"

"नाही."

"मग सकाळीच कळवायचं होतं. दुसरीकडे बघतो आता."

"चूक माझी आहे, वहिनीची नाही," ती म्हणाली, पण फोन बंद झाला होता.

वहिनीच्या फोनवर पेस्टची राखाडी बोटं उमटली होती. नणंद ती ओढणीने पुसू लागली, तेव्हा वहिनीने फोन काढून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी पुसते."