शिवणीचा ढोल

आबांनी ढोल गळ्यात अडकवला, टिपरू उचलून एकच ठोका दिला आणि ढोल उतरवून माझ्यापुढे ठेवला.

"ह्यो कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"आपलाच की! कापूरहोळला नेऊन फायबर बसवून आणलं. आता फाटायचं नाव न्हाई, का पावसात सैल पडायचा न्हाई."

हा ढोल माझ्या खापरपणज्याने शिवणीच्या अख्ख्या खोडातून कोरलेला. खालच्या गावात चैत्रात भैरवनाथाची जत्रा भरते, तेव्हा या ढोलावर ठोका पडल्याशिवाय गजी नाचणाऱ्यांचा पहिला पाय उचलत नाही. हा आमच्या घराचा मान. आमच्या धनगरवाड्यात मिरवावं असं दुसरं आहे तरी काय! मेंढरं, चार शेळ्या आणि माझा टेम्पो. यंदा उंदरांनी ढोलाचं कातडं कुरतडलं, म्हणून मी आबांना न विचारता शहाणपणा केला. दुकानदाराने जुनं कातडं परत देऊ का म्हणून विचारलं, तर मी ऐटीत म्हणालो, "फेकून द्या." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा.

"मुका झालाय," आबा म्हणाले.

"मुका? आवाज पार राजगडावर जाऊन आला, आबा!"

"म्या न्हाई वाजवणार. चिमाजीला निरोप धाड, त्येचा ढोल आण म्हनावं."

एवढं बोलून ते उठले आणि मेंढरांच्या जाळीकडे, वाघुरीकडे निघाले. चिमाजी खालच्या वाडीचा. आमच्या मानावर त्याचा कधीपासून डोळा. माझं डोकं फिरलं. आबांच्या पाठीमागून मी वाटेल ते बोललो. म्हातारपणाची खोडी, जुनाट डोस्कं, काय काय. आबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, तेव्हा तर मी आणखी चिडलो.

"कशाला घसा फोडतूस?" आई चुलीपाशी बसून म्हणाली. "त्येन्ला ऐकू येत न्हाई."

"थोडं कमी येतं. ठावं हाय मला."

"थोडं न्हाई. काय बी येत न्हाई. दोन वरसं झाली. तुज्या तोंडाकडं बघून बोलत्यात."

"मग गेल्या साली जत्रंत वाजवला कसा?"

आईने पीठ लागलेला हात आपल्या पोटावर ठेवला. "हितनं. कातडं घुमलं की पोटात कळतं त्येन्ला. तुजं पलास्टिक नुस्तं तडतडतंय, आत काय पोचत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका घरात राहून, एका ताटात जेवून मला बापाचा बहिरेपणा कळला नव्हता. आणि आता फायबरवर ठेका चुकला, तर तो बहिरेपणा साऱ्या खोऱ्याला कळणार होता. मान चिमाजीकडे गेला असता ते वेगळंच. पण बहिऱ्याच्या गळ्यात पुन्हा ढोल कोण घालू देतो? जत्रा पाच दिवसांवर होती.

आई उठली. ती ज्याच्यावर बसली होती, ते बकरीचं कातडं तिने उचलून झटकलं. ती चंद्रीची कातडी. दुसऱ्याच्या पोरांनाही दूध पाजून मेलेली आमची बकरी. आईने ती नुसती उन्हात वाळवून बसायला ठेवली होती.

"मेल्यावर बी माजंच वझं वाहिलं बिचारीनं," आई म्हणाली. "आता वाजू दे."

ते कातडं मी ओढ्यात भिजवलं, चुना नि राख चोळून केस खरवडले. टेम्पो तीन दिवस उभा राहिला. गिऱ्हाइकांच्या शिव्या मोबाईलवर येत होत्या, त्या मी निवांत ऐकल्या. ओलं कातडं आबांनी स्वतः चढवलं. गुडघा रोवून एकेक दोर असा खेचला, की मी नुसता बघत राहिलो. चौथ्या दिवशी उन्हात कातडं खणखणीत झालं. आबांनी ढोल गळ्यात घातला, ठोका दिला, आणि ढोल पोटाशी आणखी आवळून धरला.

"कोन गं ही?" त्यांनी आईला विचारलं.

"चंद्री," आई त्यांच्यासमोर येऊन म्हणाली. आबा हसले.

जत्रेत चिमाजी आपला ढोल घेऊन आधीच हजर. "हैबतनाना, दमला असशील तर सांग बरं का," तो आबांना म्हणाला. आबा हसून पुढे गेले. कैताळाच्या मोठ्या झांजा घेऊन मी त्यांच्या शेजारी उभा. माझे हात एवढे घामेजले होते, की कैताळ निसटेल असं वाटत होतं.

पहिला ठोका पडला. रुमाल वर गेले, पाय उचलले. आबांची नजर पायांवर आणि सारं लक्ष पोटाशी. ठेका चढत गेला तसा मीच दोनदा चुकलो, आबा नाही. मंडळ वाढत गेलं, पोरं शिरली, म्हातारे शिरले. शेवटी चिमाजीला राहवेना. त्याने आपला ढोल कुणाच्या तरी हातात कोंबला आणि रुमाल काढून तोही नाचायला शिरला. किती वेळ चाललं, कुणास ठाऊक. मग आबांनी टिपरू वर धरलं, खाली आणलं, आणि शे-दीडशे पावलं त्या एका ठोक्यावर थांबली.

"भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!" चिमाजीच पहिला ओरडला. मग सारं गाव ओरडू लागलं. गुलालाने मला समोरचं दिसेना. मी छाती फुगवून रडत होतो आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती.

आबा सगळ्यांची उघडी तोंडं बघत होते. मग त्यांनी सहज कातड्यावर तळवा टेकवला. गावाच्या ओरडण्याने ते कातडं थरथरत होतं.

"लई मानूस हाय रं, कुमार," ते म्हणाले, आणि दुसराही तळवा त्यांनी कातड्यावर ठेवला.