बाबल्याचा पदर

आमच्या खोलीत बसायला जागा नाही, कारण जागेवर बाबल्या उभा आहे. बाबल्या म्हणजे आमच्या आकांक्षाने बनवलेला माणसासारखा रोबो. उंची चार फूट, सगळ्या सांध्यांत मोटरी, अंगभर वायरी आणि तोंडाच्या जागी कॅमेरा. तिने त्याला काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण लालबागच्या चाळीत ते टिकणार होय? तिच्या बाबांनीच बारसं केलं. हे माझगाव डॉकमधून रिटायर झालेले, दिवसभर घरातच. "आमच्या गावच्या बाबल्यासारखो उभो रवता, ना बोलणा ना चालणा," म्हणाले, आणि झालं, अख्खा मजला त्याला बाबल्या म्हणायला लागला.

तर ही बया इंजिनीअर झाली, भरल्या पगाराची नोकरी सोडली आणि बाबल्याच्या मागे लागली. म्हणे, मोठ्या कंपन्यांचे रोबो बंगल्याच्या किमतीत येतात, माझा मोटरसायकलच्या किमतीत होईल. इथवर ठीक. पण त्याचं सगळं डिझाइन तिने नेटवर फुकट टाकलं! कुणीही उतरवून घ्या, बनवा, सुधारा.

"अगं, आपण वडे तळायचे आणि कृती गल्लीभर वाटायची? मग आपला वडा कोण खाणार?" मी विचारलं.

"आई, सगळ्यांनी तळला की वडाच सुधारतो," म्हणाली. घ्या!

पण तळणार कोण? वर्ष होत आलं तरी कुणी एकानेही बाबल्या बनवून बघितला नाही. सगळे वाहवा करायचे आणि शेवटी एकच बोलायचे. मोटरी फार स्वस्त आहेत, हाताला बारीक काम जमणार नाही. मग दादरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. बाहेरगावच्या कॉलेजांचे सर-मॅडम येणार होते, त्यांना बाबल्या काम करून दाखवणार होता. "एकाने जरी बनवायला घेतला तर पुढे जाईन. नाहीतर बंगळुरूच्या कंपनीला हो म्हणते," असं म्हणून तिने तोंड फिरवलं. बंगळुरूचं वाईट वाटलं नाही हो, पोरं जातातच. पण हरून जाऊ नये.

आता बाबल्याला काम शिकवायचं तर कुणीतरी करून दाखवायला पाहिजे. ह्यांचं बघून शिकला असता तर पेपर तोंडावर घेऊन घोरला असता, म्हणून नंबर माझा लागला. तिने माझ्या हातांना, खांद्यांना, कमरेला पट्टे बांधले. पट्ट्यांवर काडेपेटीएवढ्या डब्या. "आई, रोजची कामं कर. गाऊनच असू दे. आणि पट्टे सोडू नकोस, कळलं? हे जगभर जाणार आहे," एवढं सांगून ती लॅमिंग्टन रोडला मोटरी आणायला गेली.

जगभर! आणि मी गाऊनवर? अहो, खाली वाण्याकडे जाताना मी गाऊनवर ओढणी घेते! तिची पाठ वळली तशी मी पट्टे सोडले, निळी सिल्कची साडी नेसले, अंबाडा घातला आणि पट्टे परत होते तिथे बांधले. सिल्कमध्ये बांगडे तळले, सिल्कमध्ये भांडी घासली, ह्यांना चहा दिला. हे नुसते बघत राहिले. ती यायच्या आत पुन्हा गाऊनमध्ये. त्या डब्यांत फक्त हालचाल जाते, साडी जात नाही, हे मला नंतर कळलं. काय जीव जळला माझा!

बाबल्या शिकला. ऐटीत चालायला लागला. पण काम सुरू करायच्या आधी त्याचा उजवा हात एकदम वर उडायचा. हात उडाला रे उडाला की आकांक्षा त्याला बंद करायची. तिने मोटर बदलली. पुन्हा बदलली. हात उडतोच. "लोकांचंच खरं बहुतेक. स्वस्तातली मोटर ती स्वस्तातलीच," म्हणाली, आणि त्या दिवशी धड जेवलीसुद्धा नाही.

रविवारी बाबल्याला टॅक्सीत पुढच्या सीटवर बसवला, पट्टा लावला. टॅक्सीवाला परळ येईपर्यंत त्याच्याकडे चोरून बघत होता. शेवटी मला विचारतो, "मौसी, ये बात करता है क्या?" म्हटलं, "नहीं रे बाबा, घर में बोलनेवाली मैं हूँ ना."

हॉल भरला होता. आम्ही नवरा-बायको शेवटच्या रांगेत. स्टेजवर टेबल, टेबलावर पाण्याचे ग्लास. बाबल्या चालत आला. लोक टाळ्या वाजवायच्या तयारीत. टेबलाशी थांबला आणि त्याचा उजवा हात उडाला. आता एवढ्या लोकांसमोर बंद कसा करणार? आकांक्षाने ओठ चावून तसाच चालू ठेवला. हात डाव्या खांद्यावर गेला. दोन बोटांच्या चिमटीने काहीतरी वर सारलं. मग पाठीमागून काहीतरी पुढे ओढून आणलं, कमरेला खोचलं, वरून हलकंसं थोपटलं. आणि मग ग्लास उचलला.

हॉलमध्ये खसखस पिकली. दुसऱ्या ग्लासाला पुन्हा तेच. तिसऱ्याला पुन्हा. कुणीतरी ओरडलं, "अरे, याचं सर्किट उडालंय!" पोरगी पांढरीफटक. माईकवर म्हणाली, "सॉरी, मोटरमध्ये दोष आहे," आणि बाबल्याच्या पाठीवरच्या बटणाकडे गेली.

दोष? अहो, ते थोपटणं मी ओळखणार नाही? आमच्या गॅलरीतल्या पोरी माझी नक्कल करताना अस्संच थोपटतात! आता बोलले तर सगळ्यांसमोर माझी शोभा. नाही बोलले तर पोरीचं वाटोळं. ह्यांनी माझा हात धरला, "गप रव." कसली गप रवते!

"आकांक्षा, थांब!" मी अशी ओरडले की माईकची गरजच पडली नाही. "मोटर चांगली आहे! तो माझा पदर आहे!"

सगळ्या माना वळल्या. मग काय, गेले स्टेजवर. मी कालिंदी, हिची आई, असं सांगून सगळं ओकले. गाऊन, निळी साडी, बांगडे, सगळं. म्हटलं, सिल्क फार घसरते हो, दर कामाआधी खोचावीच लागते. हा बिचारा माझंच बघून खोचतोय.

"आई!" आकांक्षा किंचाळली. "तू पट्टे सोडलेस? आणि मी मोटरीवर मोटरी बदलत बसले?" मला वाटलं, आता रडते. तर ही खाली बसली आणि पोट धरून हसत सुटली. तिला बघून हॉल हसायला लागला. हेसुद्धा मागे हसत होते, त्यांचं नंतर बघून घेतलं मी.

एकच माणूस हसत नव्हता. कोल्हापूरच्या कॉलेजातले हर्षवर्धन सर. ते उठून उभे राहिले. "ताई, तुम्ही कुठे बसला होता?"

"शेवटच्या रांगेत."

"आणि तिथनं ओळखला?"

"न ओळखायला काय झालं? माझाच हात!"

सर हॉलकडे वळले. "या मोटरींना बारकावा जमत नाही असं आपण सगळेच म्हणत होतो. आणि या ताईंनी शेवटच्या रांगेतनं स्वतःचा हात ओळखला." मग ते आकांक्षाला म्हणाले, "आम्ही बनवणार. फक्त तो पदर काढू नका. आमच्या पोरांनी जोडलेल्या रोबोचा पदर नीट बसला, की जोडणी बरोबर झाली असं समजू."

आणि परवा आला की कोल्हापूरहून व्हिडिओ कॉल! पिवळाधमक रोबो, भोवती पोरंपोरी श्वास रोखून उभ्या. त्याने खांद्यावर हात नेला, वर सारलं, खोचलं. "काकू, जमलाय का?"

मी चष्मा पुसून नीट बघितलं. "खांद्याचं बरोबर. पण खोचलायस केवढा ढिला! असा बांगडे तळायला गेलास तर पेट घेशील, मेल्या!" पोरं स्क्रू-ड्रायव्हर आणायला धावली.

मागे आकांक्षा उभी होती. केव्हा आली कुणास ठाऊक. दोन्ही हात तोंडावर, डोळ्यांना धारा. "आई," म्हणाली, "कुणीतरी बनवला गं."

मी तिला कुशीत ओढली. माझ्याही डोळ्यांपुढचं सगळं पुसट झालं होतं. तिकडे फोनमध्ये पोरांची घाई चाललेली, "काकू, आता बघा! काकू, आता बघा ना!"

"थांबा रे जरा," मी म्हटलं, "आधी माझ्या पोरीला बघू दे."