कामोमे पुलाची दोन टिंबं

डोळे मिटा बरं. तो एक डोळा किलकिला ठेवलाय तोही. आता समजा, तुमच्या घरामागे एक छोटी नदी आहे. इतकी अरुंद, की पलीकडच्या मैत्रिणीला हाक मारली तर ऐकू आलं नाही असं सोंग तिला करता येणार नाही. पण तिच्याकडे जायचं तर वीस मिनिटांचा वळसा.

अशी नदी जपानमधल्या उरायासूत आहे असं धरा. दोन हजार अकराच्या भूकंपात तिथली जमीन पाण्यात कालवल्यासारखी झाली, भेगांतून चिखल उसळला, काठ खचले. नंतर हळूहळू काठ पुन्हा बांधले. चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मिळून एक वाट झाली. आणि आता पायी जायचा एक पूल होत होता. नाव कामोमे-बाशी. कामोमे म्हणजे कुरव पक्षी, बाशी म्हणजे पूल.

पुलाच्या पाटीवरची अक्षरं शाळेतल्या मुलांकडून लिहून घ्यायची होती. त्यासाठी निवड झाली नऊ वर्षांच्या कौमुदीची. पुण्याहून आलेल्या मुलीची अक्षरं जपानी पुलावर! तिची आई, सुलेखा, ही बातमी सांगायला रोज नवी माणसं शोधत होती.

शनिवारी सकाळी तिने लिहून दिलेला कागद घेऊन मोरी-सान दारात उभे राहिले. पुलाच्या समितीतले हे आजोबा. मोरी हे नाव ऐकून न हसता वाकून नमस्कार करायला पुण्याच्या माणसाला सराव लागतो. कौमुदीच्या बाबांना दोन वर्षं लागली.

"कौमुदी-चान, अक्षर फार सुंदर आहे," मोरी-सान म्हणाले. "फक्त ही दोन टिंबं नकोत."

जपानीत 'हा' अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं दिली की त्याचा 'बा' होतो. कौमुदीने ती अगदी ठसठशीत दिली होती.

"टिंबं गाळली तर हाशी होईल," ती म्हणाली. "आपण तर बाशी म्हणतो."

"म्हणायचं बाशीच. लिहायचं हाशी."

सुलेखाला राहवलं नाही. "आमच्याकडे जसं बोलतो तसं लिहितो हो. मीच शिकवलंय तिला."

"शिकवलंय छान," मोरी-सान हसले. "धातूची पाटी ओतणारे बारा वाजता कागद न्यायला येतील. टिंबांचा कागद त्यांना देता येणार नाही. मग दुसऱ्या मुलाचा द्यावा लागेल."

कौमुदीने कागद स्वतःकडे ओढला. "मी चुकीचं लिहिलं तर सगळे म्हणतील, हिला जपानी येत नाही."

मोरी-सान तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "या टिंबांना आम्ही काय म्हणतो?"

"निगोरी."

"आणि निगोरी म्हणजे?"

"गढूळपणा," कौमुदी पुटपुटली.

"भूकंपानंतर मी माझ्या दारातला चिखल अकरा दिवस उपसला. नदीवर पूल बांधायचा, आणि त्याच्या नावातच गढूळपणा लिहून ठेवायचा? म्हणून पुष्कळ पुलांच्या पाट्यांवर ही टिंबं गाळतात. नदीने वाचू नये म्हणून."

"नदीला वाचता येतं?"

"येत नसेलही. पण उगाच कशाला परीक्षा घ्या?"

तेवढ्यात कौमुदीचे बाबा, अंबरीष, पिशवी घेऊन बाजारात निघाले. दारातून म्हणाले, "येतो गं."

कौमुदीने मान वळवून आईकडे पाहिलं. "आई, बाबा जातायत ना?"

"हो."

"मग येतो का म्हणाले?"

"जातो म्हणू नये, बाळा."

"जसं करतो तसं बोलायचं नाही?"

सुलेखाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि चहा ठेवायचा राहिलाय हे तिला आठवलं. मोरी-सानना मराठी कळत नव्हतं, तरी ते खुदकन हसले. आईला प्रश्नात पकडलेलं मूल कुठल्याही भाषेत ओळखू येतं.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. कौमुदीने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर कोरा कागद ठेवला आणि कुंचला शाईत बुडवला. 'का' आला, 'मो' आला, 'मे' आला. मग 'हा' लिहून झाला आणि हात सवयीने वर गेला. तो तसाच थांबला. कौमुदीने एकदा मोरी-सानकडे पाहिलं, कुंचला कागदाबाहेर नेला, दोन टिंबं वर्तमानपत्रावर दिली, आणि पुन्हा शाई घेऊन सावकाश 'शी' लिहायला घेतला.