दोन सेकंदांत बदललेली फ्लॉपी

छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवणारा हा गडी मुळात तबलजी. बोटं इतकी चपळ, की कीबोर्डवरसुद्धा द्रुत लयच चालायची. आज त्याची थोरली बहीण एक फ्लॉपी पदराखाली जपून घेऊन आली होती. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे तबलजीच्या दाजींनी, जन्मभर रचलेली भजनं त्या एवढ्याशा चकतीत होती. दाजी देवाघरी गेले, कागद वाळवीनं खाल्ले. उरली ती हीच एक प्रत.

"अजून एक करून दे रे बाबा. माझ्या जिवात जीव येईल."

"हे बघ, चुटकीसरशी!"

संगणकाला फ्लॉपीचं तोंड एकच. तो म्हणणार जुनी घाल, मग म्हणणार नवी घाल, मग पुन्हा जुनी. तबलजी काढत-घालत सुटला, आणि त्या धांदलीत नवीच्या वेळी जुनीच आत गेली. भजनं निघाली आणि गोल फिरून आपल्याच घरी आली! नवी कोरी ती कोरीच. पण ह्या पठ्ठ्याला पत्ता नाही.

मग पडताळा. जुनीतल्या भजनांची यादी पडद्यावर आली. ती पुरती उमटते न उमटते तोच जुनी बाहेर, नवी आत, बटण दाबलं. तीच यादी, जशीच्या तशी!

"उतरली सगळी! आता ही जुनी पुसून नवीच्या बदली इथं ठेवतो. कोऱ्या फ्लॉप्यांवरून मालक रोज डोकं खातात."

"हात आवर! मला दोन्ही हव्यात. आधी नवीतलं एक भजन उघडून दाखव."

"अगं ताई, यादी दिसतेय की डोळ्यांसमोर!"

"देवळाची पाटी वाचली म्हणजे दर्शन झालं का रे? उघड म्हणते ना."

त्यानं उघडायला घेतलं. संगणक म्हणाला, अशी फाइल नाही. पुन्हा यादी मागवली, तर पडदा रिकामा. तबलजीच्या तोंडचं पाणी पळालं. ताईनं जुनी फ्लॉपी झडप घालून उचलली आणि छातीशी धरली.

हाक मारली तसा शेजारच्या गाळ्यातला संगणक-दुरुस्तीवाला आला. सगळं ऐकून पोट धरून हसला.

"अहो, ह्या जुन्या ड्राइव्हला फ्लॉपी बदललेली कळतच नाही. मग संगणक घड्याळ बघतो. मागच्या वाचनाला दोन सेकंदही झाले नसतील, तर धरून चालतो की फ्लॉपी तीच, आणि आठवणीतली यादी दाखवतो. एवढ्यात बदलणारा माणूस कुठला असणार, असा त्याचा हिशेब."

"आमच्या घरात आहे ना!" ताई म्हणाली.

दुसऱ्या खेपेला फ्लॉप्या ताईच्या हातात. मधल्या वेळात भावाचे हात मांडीखाली. तो कुरकुरला, "लहान पोर आहे का मी?" तशी म्हणाली, "पोरं बरी!" अखेर नवीतलं एक भजन उघडलं, आणि दाजींच्या ओळी पडद्यावर उभ्या राहिल्या. ताईनं सगळं भजन ओठांतल्या ओठांत म्हटलं, मगच डोळे पुसले.

मग नवी फ्लॉपी तिनं भावाच्या खिशात सारली.

"माझ्याकडे? अगं, मी मघाशी पुसायलाच निघालो होतो!"

"म्हणूनच. आता जन्मात पुसणार नाहीस."