आधीच्या मुलीचे वजन

मित्रांनो, माझा देह अवघ्या अडतीस ओळींचा. मी पायथन भाषेत लिहिलेला एक जुना प्रोग्राम आहे. मुलांच्या दवाखान्यात औषधविभाग सांभाळणाऱ्या ताईंनी मला लिहिले. माझ्या नावापुढे औषध आणि रुग्णाचे वजन टाकले, की किती औषध द्यायचे ते मी चुटकीसरशी सांगतो. "हा माझा उजवा हात," असे ताई कौतुकाने म्हणत आणि मी फुलून जाई.

पुढे काम वाढले. ताई सकाळीच पायथनची खिडकी उघडून ठेवू लागल्या आणि दिवसभर तिथूनच मला हाक मारू लागल्या. तिथे मात्र एक पथ्य होते. औषध आणि वजन आधी एका यादीत स्वतः भरायचे, मगच मला बोलवायचे. ती यादी आपोआप पुसली जात नसे.

एका दुपारी बेचाळीस किलोच्या मुलीचे गणित झाले. पाठोपाठ तेच औषध चार किलोच्या बाळाला हवे होते. तेवढ्यात फोन वाजला. तो ठेवून ताईंनी घाईघाईने मला हाक मारली, पण यादी बदलायची राहूनच गेली. मला काय ठाऊक? मी छातीठोकपणे बेचाळीस किलोंचे उत्तर दिले. भरलेली सिरिंज वॉर्डात गेली.

थोड्याच वेळात नर्सबाई ती तशीच हातात घेऊन धावत आल्या.

"अहो ताई, एवढंसं तर बाळ आहे. त्याला एवढं औषध?"

ताईंनी यादी पाहिली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई! हे आधीच्या मुलीचं वजन आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

नवी सिरिंज घेऊन ताई स्वतः बाळाच्या आईकडे गेल्या आणि त्यांनी काही न लपवता सगळे सांगितले. आई एवढेच म्हणाली, "आता परत एकदा बघा." ताईंनी तिच्यासमोर परत एकदा पाहिले.

आता माझ्या काही ओळी वाढल्या आहेत. उत्तराआधी मी मिळालेले वजन मोठ्या अक्षरांत दाखवतो. उत्तर दिले की यादी रिकामी करतो, आणि रिकाम्या यादीवर कामच करत नाही.

तरीही मित्रांनो, मला हाक मारण्यापूर्वी क्षणभर थांबा. माझ्या हाती कोणाचे वजन दिले आहे, ते बघा. माझे गणित त्या दुपारीही बिनचूक होते. बाळ वाचले, ते नर्सबाईंना शंका आली म्हणून.