चिकटलेली कळी

मी काचघरातलं टोमॅटोचं रोप बोलतोय. सावकाश बोलेन. आमच्या जातीला घाई ठाऊक नाही.

माझ्या आजीचं बी इथल्या संशोधक मॅडमनी मुद्दाम जहाल औषधात भिजवलं होतं. जनुकात काही मोडतंय का, ते बघायला. मोडलं. आई दिसायला धडधाकट निघाली, तिच्या पोटात ते झाकून राहिलं. माझ्यात उघडं पडलं.

झाडाच्या कातडीवर मेणासारखा पातळ थर असतो. त्यामुळे पान पानाला टेकलं तरी आपापलं राहतं. माझा थर विरळ. कोवळेपणी जे जे टेकलं, ते चिकटलंच. दोन पानांचं गाठोडं झालं आणि तिसरं त्यातच कुबडं वाढलं.

मॅडम खूश. फोटोवर फोटो.

"बाई, घरातलं पोर आजारी पडलं तर असंच हसता का हो?" माळीकाकांनी विचारलं.

"काका, हे पोर नाही, नमुना आहे."

"बरं, मग नमुन्याला पाणी घालू की नको?"

मॅडम पुन्हा हसल्या. हसण्यावारी गेलं ते.

मला एकच हवं होतं. एक फूल उमलावं, त्यात चार बिया धराव्यात. शेजारच्या कुंडीतला भाऊ फुलांनी लगडला होता, पण त्याला ठेवलेलं ते माझ्याशी ताडून बघायला. मला कळी आली ती एकच, तीही शिवल्यासारखी बंद.

"उद्या कापून बघू, आत काय काय चिकटलंय ते," मॅडम म्हणाल्या आणि जेवायला गेल्या.

काकांना राहवलं नाही. त्यांनी नखाने पाकळ्या सोडवायला घेतल्या. "उमल बाबा. उमललास तर कशाला कापतील तुला?"

चिकटलेली कातडी सुटत नाही, काका, ती फाटते. संध्याकाळपर्यंत कळी काळी पडली.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"कुणीच नाही."

"आता कापायलाही काही उरलं नाही."

आज काका मला मातीसकट पिशवीत भरतायत. पुढे वाफेच्या भट्टीत शिजवतात म्हणे, इथलं बी बाहेर जाऊ नये म्हणून. माझ्याकडे बी आहे कुठे?

आईचं आणखी बी पेरलंय. त्यात माझ्यासारखा एखादा निघेलच, मॅडम त्याचीच वाट बघतायत. काका, तो निघाला तर पाणी वेळेवर घाला. फुलाची आशा मात्र लावू नका त्याला.