शेवंताची नदी

शेवंता गेडामनं नाटकाच्या पडद्यावर रंगवलेली नदी सोमवारी दुपारी खाली वाहून आली आणि तिच्या घोट्यांना लागली. पाणी गार होतं. शेवंतानं लुगडं वर खोचलं आणि काठ रंगवायला घेतला. काठ असला की नदी थांबते, एवढं तिला कळत होतं.

झाडीपट्टीतल्या नाटकमंडळ्यांचे पडदे दोघं मिळून रंगवतात. एकजण ब्रश चालवतो, दुसरा लांब उभा राहून चुका सांगतो. शेवंताला दुसरा नको होता. दुसऱ्यानं एक फांदी सुचवली की तो अख्खं झाड आपलं म्हणून गावभर सांगत फिरतो, असं ती म्हणायची. तिचं फार चुकत होतं असंही नाही.

पाणी काठावरून चढलं आणि गुडघ्याला आलं. दारात दौलत नाकाडे उभा होता. तोही पडदे रंगवायचा, पण त्याचे राजे नेहमी आजारी दिसायचे.

"मदतीले येऊ काय, बाई?"

"कायले? मले जमते."

पाणी कमरेला आलं. तिनं नाव रंगवली. नाव तिला न घेताच निघून गेली. मग तिनं पूल रंगवला. त्यावरून माणसं गेली, पण एकानंही खाली पाहिलं नाही. तिनंच त्यांना पाठमोरी काढली होती.

"आता तरी, बाई?"

"झालंच हाय."

पाणी गळ्याशी आलं तेव्हा शेवंता घाबरली, सरळ मरणाला घाबरली. हाक मारायला तोंड उघडलं, तर जीभ वळेना. उभ्या जन्मात सराव नव्हता. आधी लाज वाटली, मग स्वतःचाच राग आला, आणि त्या भानगडीत हनुवटी बुडाली.

"दौलतभाऊ, मदत करा! बुडली मी!"

दौलतचा चेहरा असा फुलला की तिचा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं तो याच हाकेची वाट पाहत होता.

"असं सांगा न, बाई," म्हणत तो चपला काढून पाण्यातून चालत आला. त्याचं धोतर कोरडंच राहिलं. तिच्यासमोर येऊन तो थांबला, दोन पावलं मागे सरकला आणि एक डोळा मिटून तिच्याकडे बघू लागला.

"चेहरा लयच मस्त साधला," तो म्हणाला. "पाणीच थोडं कमी पडलं हाय."

त्यानं निळ्या रंगात ब्रश बुडवला.